खर्ऱ्याची पुडी आणि ‘माझी मर्जी’

सकाळचे आठ वाजलेले नसतात. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एखादा फाटा असो, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सिंदेवाहीकडचा बसथांबा; पानठेला उघडलेला असतो. ठेलेवाला सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घेतो, वरून पाण्याचे दोन थेंब टाकतो आणि पन्नी गुंडाळून जोर लावून घासू लागतो. याला म्हणतात खर्रा घोटणे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मावा म्हणतात, त्याचाच हा विदर्भातला भाऊ. चार-पाच मिनिटांत पुडी तयार होते. ती घ्यायला उभे असतात धानाच्या बांधीत रोवणीला निघालेल्या बाया, कोळसा खाणीतली रात्रपाळी संपवून परतणारा कामगार, महाविद्यालयात जाणारा पोरगा आणि कधीकधी त्याला शिकवणारे सरही.

यांपैकी कुणालाही हटकले तर उत्तर बहुधा एकच येते. पैसे माझे, तोंड माझे, मग मर्जीही माझीच. आरोग्याचे निर्णय ज्याचे त्याने घ्यावेत, हे तत्त्व म्हणून कुणालाही पटेल. पण खर्ऱ्याच्या बाबतीत ही मर्जी खरोखर किती आपली असते, हे तपासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीसारखी जागा दुसरी नाही. कारण व्यसन हा माणसाचा खाजगी मामला आहे की गावाचा, या प्रश्नावर या दोन जिल्ह्यांत गेली चार दशके नुसती चर्चा झालेली नाही, तर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत.

पुडीत नेमके काय असते?

खर्ऱ्यातले तिन्ही पदार्थ वेगवेगळे काम करतात, आणि एकत्र आले की एकमेकांचा जोर वाढवतात.

पहिला तंबाखू. त्यातले निकोटिन मेंदूला सवय लावते. विडी-सिगारेटच्या धुरातून ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. चघळलेल्या तंबाखूतून ते हळूहळू चढते, पण रक्तात जास्त वेळ टिकून राहते. तंबाखूत कर्करोगाला कारणीभूत ठरणारी नायट्रोसमाइन वर्गातली रसायनेही असतात. ती गालाच्या आतल्या नाजूक त्वचेला तासन्‌तास चिकटून राहतात.

दुसरा चुना. निकोटिन आम्लधर्मी वातावरणात त्वचेतून सहज आत शिरत नाही, अल्कधर्मी वातावरणात मात्र झपाट्याने शिरते. चुना तोंडातली अल्कता वाढवतो आणि निकोटिनला वाट मोकळी करून देतो. म्हणून चुना कमी पडला की ‘आज मजा नाही आली’ असे वाटते. शिवाय चुन्याने गालाचे अस्तर भाजते, सोलवटते, आणि इतर विषारी द्रव्यांनाही आत जायला जागा मिळते.

तिसरी सुपारी. तंबाखूच्या तुलनेत लोक तिला निरुपद्रवी समजतात. पूजेला चालते, पानात घालतात, मग तिने काय होणार? पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. सुपारीतले अरेकोलिन हे द्रव्य गालाच्या त्वचेखालच्या पेशींना कोलॅजेन नावाचे तंतू जास्त बनवायला लावते. सुपारीत तांब्याचे प्रमाणही बरेच असते. हे तांबे त्या तंतूंना एकमेकांत घट्ट विणणाऱ्या विकराला बळ देते. परिणाम असा, की तंतू तयार होतात भरपूर आणि मोडतात कमी. मऊ, लवचिक गाल आतून चामड्यासारखा ताठ होत जातो.

म्हणून ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ हा निम्मा तोडगा फसवा आहे.

तीन बोटांची परीक्षा

गालाच्या या ताठरपणाला वैद्यकात ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. त्याची सुरुवात फार साधी असते. भाजीत तिखट पूर्वीइतकेच असते, पण तोंडाची आग होते. तोंड कोरडे पडते, मधूनच बारीक फोड येतात. पुढे गालाच्या आतली गुलाबी त्वचा पांढुरकी दिसू लागते आणि बोट फिरवल्यावर आत दोऱ्यासारखे ताठ पट्टे लागतात. मग तोंड उघडणे कमी होते. भाकरीचा मोठा घास जात नाही, जांभई देताना जबडा अडतो, जीभ पूर्ण बाहेर काढता येत नाही. शेवटी काही रुग्णांच्या तोंडात चमचाही नीट जात नाही.

हे घरच्या घरी तपासता येते. हात स्वच्छ धुवावेत, आरशासमोर उभे राहावे, तोंड पूर्ण उघडावे आणि आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारणपणे मावतात. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जायला हवे. एकच जात असेल तर आधीच पुष्कळ उशीर झालेला आहे, आणखी करू नये. तीन बोटे गेली म्हणजे सारे ठीक, असा मात्र अर्थ नाही, कारण कर्करोग तोंड उघडत असतानाही होऊ शकतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गालात किंवा मानेवर गाठ, कारणाशिवाय हलू लागलेला दात, गिळताना त्रास, ही लक्षणे दुखत नसली तरी दाखवून घ्यावीत. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही, आणि तिथेच घात होतो.

ताठ झालेला गाल पूर्ववत मऊ होणे अवघड असते. व्यायाम, औषधे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी तोंड थोडेफार उघडते. पण सुपारी बंद केली तर पुढची बिघाडी थांबण्याची शक्यता मोठी असते. ती बंद न केल्यास काय होऊ शकते याचा अंदाज केरळमधल्या एर्नाकुलमच्या पाहणीवरून येतो. तिथे असे रुग्ण १७ वर्षांपर्यंत पाठपुराव्यात ठेवले होते आणि त्यांपैकी ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

त्याच केरळात लवकर तपासणीचा फायदाही सिद्ध झाला आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन फक्त टॉर्चच्या उजेडात तोंडे तपासली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. यंत्र लागले नाही, महागडी चाचणी लागली नाही. आपल्याकडेही तिशीपुढच्या स्त्री-पुरुषांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत व्हावी, अशी योजना आहे. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या परिचारिकेला विचारायला संकोच करू नये.

माहीत असूनही का सुटत नाही?

खर्रा वाईट आहे हे कुणाला माहीत नाही? तो खाणाऱ्यालाच सर्वांत जास्त माहीत असते. तरी तो सुटत नाही, याचे कारण केवळ कमजोर मन असे सांगणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

रोवणीच्या दिवसांत सकाळपासून दुपारपर्यंत चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईला भूक मारायला खर्रा उपयोगी पडतो. निकोटिनने भूक खरोखरच मंदावते. दात दुखत असेल आणि दंतवैद्य तालुक्याच्या गावी असेल, तर गुडाखू घासल्याने किंवा तंबाखू दाबून धरल्याने तात्पुरते बधिर वाटते. सकाळी पोट साफ होण्यासाठी खर्रा लागतो, असे पुष्कळ जण सांगतात. तेही त्यांच्या शरीराला लागलेल्या सवयीपुरते खरे असते. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ पुडी पुढे होते, लग्नात आणि तेरवीत ताट फिरते. नको म्हणणे म्हणजे माणसाला नको म्हणणे, असे वाटते. थोडक्यात, ज्याला बाहेरचा माणूस व्यसन म्हणतो, ते आतल्या माणसासाठी भुकेचे, दुखण्याचे, थकव्याचे आणि पाहुणचाराचे काम करत असते.

त्यात किमतीची गोम आहे. एका पुडीचे पैसे खिशाला जाणवत नाहीत. पण पुडी २० रुपयांची धरली आणि दिवसाला तीन धरल्या, तर दिवसाचे ६०, महिन्याचे १,८०० आणि वर्षाचे २१,९०० रुपये होतात. ज्याने त्याने आपल्या गावचा भाव आणि आपल्या पुड्या घालून हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. नफा लगेच मिळतो आणि तोटा वीस वर्षांनी समोर येतो, अशा व्यवहारात माणसाचा मेंदू जवळच्या नफ्याला झुकते माप देतो. ही खोड शिकलेल्यालाही असते. खुद्द गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात स्वतःचीच कथा सांगितली आहे. आरोग्याचे शास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरला स्वतःची जीवनशैली बदलायला हृदयविकाराचा झटका यावा लागला. ज्ञान आणि वागणूक यांच्यात किती अंतर असते, हे त्यावरून कळते.

आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचे चित्र छापण्याचे बंधन २०१६ पासून आहे. खर्ऱ्याच्या घोटलेल्या पुडीवर चित्र नसते, इशारा नसतो, मदतीचा दूरध्वनी क्रमांकही नसतो. वास्तविक महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली आणि पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा यांचाही समावेश झाला. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करणे आणि १८ वर्षांखालील मुलाला ती विकणे कायद्याने मना आहे. बालन्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकते. कागदावर एवढे सगळे असूनही पुडी शाळेजवळ सहज मिळते, आणि पंधराव्या वर्षी लागलेल्या सवयीला आपण पुढे आयुष्यभर ‘त्याची मर्जी’ म्हणतो.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते, तर चघळणारे, घासणारे २४.४ टक्के. म्हणजे या राज्याचा तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरण्याच्या तंबाखूचा आहे. धूर दिसतो, वास येतो, घरचे ओरडतात. गालातली चिमूट कुणाला दिसत नाही.

गर्भवतीच्या बाबतीत तर ‘माझे तोंड’ हा युक्तिवादही उरत नाही. मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले, मशेरी किंवा इतर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. मुळातच कमी वजनाची बाळे जन्मतात अशा भागात हे शंभर ग्रॅम लहान नाहीत.

वसा आणि अमिर्झाचा धडा

निर्णय घेण्यासाठी आधी पर्याय असावा लागतो, ही गोष्ट गडचिरोलीतल्या दोन गावांनी जगाला शिकवली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यानंतर लवकरच वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष धक्कादायक होते. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही विकार होता, आणि त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या.

या बायकांनी डॉक्टरकडे न जाण्याचा निर्णय घेतला होता, असे म्हणता येईल का? डॉक्टर जवळ नव्हता, असला तर पुरुष होता, बोलायला शब्द नव्हते, आणि हे बाईच्या जातीला असायचेच, अशी समजूत होती. तपासणी गावात आली, बोलणारी बाई समोर आली, तेव्हा त्याच स्त्रिया तपासून घ्यायला पुढे आल्या. पुढे ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केले आणि नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याची पद्धत उभी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. आयांची माया तीच होती. माहिती, साधने आणि दारात येणारे मदतीचे माणूस एवढीच भर पडली होती.

खर्ऱ्याच्या निर्णयालाही हेच लागू पडते. ‘सोड’ एवढेच सांगायचे आणि दातदुखीवर इलाज, भुकेला शिदोरी, तलफेला औषध यांपैकी काहीच द्यायचे नाही, तर तो सल्ला कोरडाच राहतो.

दोन जिल्हे, दोन दारूबंद्या

व्यसनाचा प्रश्न गावाने हाती घेतल्याचे या भागातले मोठे उदाहरण दारूचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, आंदोलनातून १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला विधिमंडळ अधिवेशनावर पायी मोर्चा गेला, शेकडो ग्रामसभांनी ठराव केले आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात दारूबंदी आली. सहा वर्षांनी, २०२१ च्या मे महिन्यात, राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीच्या काळात अवैध दारू आणि त्याभोवतीची गुन्हेगारी वाढली, असे कारण सरकारने दिले. बंदीच्या बाजूचे लोक म्हणाले की, अंमलबजावणी ढिली ठेवायची आणि मग कायदाच फसला म्हणायचे, हा न्याय नव्हे. गडचिरोलीतली बंदी कायम आहे.

दोन्ही बाजूंना त्यांचे मुद्दे आहेत. बंदी असली की चोरटी दारू येते, हे खरे. दुकान कोपऱ्यावर आले की पिणे वाढते आणि त्याचा पहिला फटका घरातल्या बाईला बसतो, हेही तितकेच खरे. आदिवासी समाजात मोहाच्या दारूला विधींमध्ये स्थान आहे आणि ती विक्रीच्या धंद्याहून निराळी गोष्ट आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. खर्रा खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र यात एक सरळ वैद्यकीय धोका आहे. दारूने तोंडाचे अस्तर सैल पडते आणि तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्ये अधिक सहज आत शिरतात. दोन्ही घेणाऱ्याचा धोका नुसती बेरीज होण्याइतका वाढत नाही, त्याहून पुष्कळ जास्त वाढतो.

गडचिरोलीत दारूबंदीच्या अनुभवावरूनच २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला. राज्य शासन, ‘सर्च’, टाटा ट्रस्ट आणि जिल्ह्यातले लोक त्यात एकत्र आले. जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत एकाच वेळी चार गोष्टी करायच्या असे ठरले. लोकांमध्ये जागृती, गावागावांत संघटना, प्रशासनाकडून कायद्याची अंमलबजावणी आणि सोडू इच्छिणाऱ्यांसाठी तालुक्याच्या गावी उपचार. यांतली कोणतीही एक गोष्ट वेगळी काढली तर लंगडी पडते, हा त्यामागचा विचार आहे.

‘आम्ही’ ठरवले तर

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी आणि २००९ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्कासाठी देशभर ओळखले जाते. देवाजी तोफा यांच्या या गावाने दारूचा प्रश्नही आपल्या पद्धतीने हाताळला. मेंढ्यात निर्णय मतदानाने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एखादा माणूस तयार नसेल तर चर्चा पुढे ढकलायची, अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, पुन्हा बसायचे. वेळ लागतो, पण झालेला निर्णय पाळायला पोलीस लागत नाही, कारण तो प्रत्येकाचा असतो. कायद्यानेही या वाटेला आधार दिला आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री रोखण्याचे किंवा नियंत्रित करण्याचे अधिकार देण्याची तरतूद आहे.

एरवी गावच्या गोष्टी शहरातल्या वाचकाला लांबच्या वाटतात. पण पद्धत कुठेही चालते. घर हीही एक छोटी ग्रामसभाच आहे. आपल्या घरातल्या लग्नात खर्ऱ्याचे ताट फिरणार नाही, हे चार माणसांनी बसून ठरवता येते. कार्यालयातल्या पाच मित्रांना एकाच दिवशी सोडायचे ठरवता येते. जंगल कामगारांची टोळी, बचत गट, भजनी मंडळ, क्रिकेटचा संघ, यांपैकी कुणीही पाहुण्याला पुडीऐवजी चहा, गूळ-शेंगदाणे किंवा मोहफुलाचा लाडू देऊ शकतो. समोर पुडी आलीच नाही तर नको म्हणण्याची लढाई लढावीच लागत नाही.

सोडायचा कसा?

एकट्याने सोडायचा असला, तरी काही गोष्टी कामी येतात.

तारीख ठरवावी, आणि ती येत्या दोन आठवड्यांतली असावी. ‘दिवाळीनंतर’, ‘रोवणी आटोपल्यावर’ अशी नको. ती घरातल्या एका माणसाला सांगावी. त्याआधी तीन दिवस प्रत्येक पुडीची वेळ आणि कारण वहीत लिहावे. चहानंतर, पाळी सुटल्यावर, गाडीवर बसताना, कुणाशी भांडण झाल्यावर. म्हणजे आपली तलफ कुठे दबा धरून बसते ते कळते, आणि त्या वेळेसाठी दुसरे काही तरी आधीच ठरवता येते. पानठेला ज्या रस्त्यावर असेल तो रस्ता महिनाभर बदलावा.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके जड होते, पोट साफ होत नाही, भूक वाढते. ही शरीर सावरत असल्याची खूण आहे. यातले बरेच त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एक लाट साधारण पाच-दहा मिनिटे टिकते. तेवढा वेळ पाणी प्यावे, लवंग किंवा बडीशेप तोंडात धरावी, चार पावले चालावे, कुणाशी तरी बोलावे. बडीशेपेच्या नावाखाली सुपारी मिसळलेली पाकिटे मिळतात, ती घेऊ नयेत. पोटासाठी सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी, रानभाज्या वाढवाव्यात. सवय जुनी आणि मोठी असेल तर निकोटिनच्या गोळ्या किंवा इतर औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. ती घेणे म्हणजे कमजोरी नाही. ताप आल्यावर औषध घेतो तसेच ते आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि मध्येच एखादी पुडी खाल्ली गेली तर? बहुतेकांचा प्रवास इथेच तुटतो. ‘आता काय, सुटली ती सुटली’ म्हणून लोक दुसरी पुडी घेतात. एक पुडी म्हणजे एक पुडीच. ती का खाल्ली ते वहीत लिहावे आणि पुढच्या तासापासून पुन्हा सुरू करावे. कायमचे सोडणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांचे आधीचे प्रयत्न फसलेले असतात.

घरच्यांनीही एवढे करावे. टोमणे मारू नयेत, लपून तपासू नये. पंधरा दिवस चिडचिडीकडे दुर्लक्ष करावे आणि वाचलेले पैसे एका डब्यात टाकायला लावावेत. महिन्याअखेर तो डबा सगळ्यांनी मिळून उघडावा.

आज रात्री जेवण झाल्यावर चूळ भरावी, हात धुवावेत आणि आरशासमोर दिवा लावून तोंड उघडावे. तीन बोटे जातात का ते पाहावे, गालांच्या आत बोट फिरवावे, जीभ वर उचलून खालची बाजू बघावी. मग घरातल्या ज्या माणसाच्या खिशात पुडी असते, त्यालाही शेजारी उभे करून हेच करायला सांगावे. दोन मिनिटे लागतात. पुडी घोटायला याहून जास्त वेळ जातो.